पाण्यावर उतरणारी छोटी विमाने: अपघात कसे होतात, कसे टाळता येतात

छोट्या उभयचर विमानाला उतरायला दोन जागा असतात, धावपट्टी आणि पाणी. धावपट्टीवर उतरताना चाके बाहेर हवीत, पाण्यावर उतरताना आत. पाण्यावरच्या गंभीर अपघातांमागे मुख्यतः तीन कारणे दिसतात: चाकांची चुकीची स्थिती, पाण्याच्या पृष्ठभागाचा चुकलेला अंदाज, आणि टेकतानाचा चुकीचा वेग किंवा कोन. अशा अनेक अपघातांत माणसे आपटल्यामुळे दगावत नाहीत. उलट्या झालेल्या केबिनमधून बाहेर पडता न आल्यामुळे ती बुडतात. म्हणून वैमानिकाची शिस्त आणि प्रवाशाची तयारी या दोन्हींवर जीव अवलंबून असतो.

विमाने आणि महाराष्ट्रातला अनुभव

उभयचर विमाने दोन प्रकारची असतात. काहींचे पोटच होडीसारखे बांधलेले असते. आयकॉन ए-५ हे दोन आसनी विमान त्यातले. दुसऱ्या प्रकारात नेहमीच्या विमानाखाली दोन लांब फ्लोट बसवतात आणि त्या फ्लोटमध्ये आत-बाहेर होणारी चाके असतात. सेसना कॅराव्हॅन आणि कोडियाक ही विमाने या रूपात वापरली जातात.

महाराष्ट्राने या दोन्ही विमानांची ओळख करून घेतली आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या सहभागाने जुहू विमानतळावरून ॲम्बी व्हॅलीकडे कॅराव्हॅन सी-प्लेनची सेवा सुरू झाली. पवना, मुळा, वरसगाव, धोम अशा जलाशयांची नावे त्या काळात चर्चेत होती. ९ डिसेंबर २०१७ रोजी गिरगाव चौपाटीसमोर स्पाइसजेट आणि जपानच्या सेतोउची कंपनीने कोडियाक विमानाची चाचणी घेतली. सेवा रुजली नाही, पण कल्पना मागे पडलेली नाही. किनारा, खाड्या आणि धरणे असलेल्या राज्यात ती पुन्हा पुन्हा पुढे येते. त्यामुळे या विमानांचे धोके प्रवाशांना आणि काठावरच्या गावांना आधीच माहीत असणे हिताचे आहे.

चाके: सर्वांत घातक चूक

चाके बाहेर असताना विमान पाण्यावर टेकले, तर चाकांना पाण्याचा जबर अडथळा होतो. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे. विमानाचे वजन फ्लोटच्या बरेच वर असते. खालून चाके अडतात, वरचे वजन पुढे झेपावते, नाक पाण्यात घुसते आणि विमान पाठीवर पडते. हे सारे इतक्या झटकन घडते की वैमानिकाला सावरायला वेळ मिळत नाही.

उलट चूक, म्हणजे चाके आत असताना धावपट्टीवर उतरणे, तुलनेने सौम्य असते. फ्लोटचा तळ घासला जातो, दुरुस्तीचा खर्च येतो, पण माणसे सहसा चालत बाहेर येतात. जमिनीवर चाके विसरली तर पैसा जातो, पाण्यावर विसरली तर जीव जातो. हा फरक वैमानिकाच्या मनात कायम पक्का असावा लागतो.

पाण्यावर चाके बाहेर राहण्याची चूक बहुधा धावपट्टीवरून उडाल्यानंतर होते. उड्डाण छोटे असते, रेडिओवर बोलणे चालू असते आणि चाके वर घ्यायची राहून जातात. फ्लोटवाल्या विमानाचा वेग मुळातच कमी असतो. चाके बाहेर राहिल्याने त्यात पडणारा फरक थोडा असतो, त्यामुळे विमानाच्या वागण्यावरून चूक लक्षात येत नाही. शिवाय बहुतेक वैमानिक चाकांच्या विमानावर शिकलेले असतात. उतरण्यापूर्वी चाके बाहेर काढण्याची सवय त्यांच्या हातात मुरलेली असते.

यावरचा उपाय साधा आहे, पण तो दर वेळी करावा लागतो. उतरण्याच्या तयारीत एकदा आणि पाण्याच्या अगदी जवळ आल्यावर पुन्हा एकदा वैमानिकाने मोठ्याने म्हणावे: ‘खाली पाणी आहे, चाके वर आहेत.’ नुसते म्हणणे पुरेसे नाही. अनेक फ्लोटवर चाके वर असल्याचे निळे आणि खाली असल्याचे हिरवे दिवे असतात. चारही चाकांचे दिवे एकेक करून पाहावेत. आरसा बसवलेला असेल तर चाके डोळ्यांनी पाहावीत. उतरताना चाकांची स्थिती आवाजात सांगणारी यंत्रणाही मिळते. मात्र तिच्या भरवशावर स्वतःची तपासणी सोडू नये. चाके पूर्ण वर गेल्याची खात्री होत नसेल, तर पाण्यावर उतरण्याचा बेत सोडून धावपट्टी गाठावी.

आरशासारखे शांत पाणी

वारा पडलेला, पाणी निश्चल, त्यात डोंगराचे प्रतिबिंब. प्रवाशाला हे दृश्य सर्वांत सुरक्षित वाटते. वैमानिकासाठी ते सर्वांत फसवे असते. पृष्ठभागावर तरंग नसले की डोळ्यांना उंची कळत नाही. विमान पाण्यापासून १५ मीटरवर आहे की दीड मीटरवर, हे ओळखता येत नाही. अशा वेळी वैमानिक फार उंचावर नाक उचलतो आणि वेग संपून विमान खाली आदळते. किंवा नाक उचलण्याआधीच ते पाण्यात शिरते.

म्हणून शांत पाण्यावर नजरेच्या अंदाजाने उतरायचे नसते. ठरलेली पद्धत अशी: उतरण्याची रेषा काठाला समांतर आणि काठाजवळ ठेवावी, म्हणजे झाडे, खडक यांवरून उंची कळते. काठाचा आधार असेपर्यंत खाली यावे. मग नाकाचा कोन टेकण्यासाठी योग्य असा स्थिर करावा आणि इंजिनाची थोडी शक्ती चालू ठेवून मिनिटाला १५० फूट किंवा त्याहून कमी वेगाने खाली उतरत राहावे. पाणी लागेपर्यंत काहीही बदलू नये. या पद्धतीला नेहमीपेक्षा बरीच जास्त लांबी लागते. तेवढे मोकळे पाणी नसेल तर ती जागा शांत पाण्यात वापरण्याजोगी नाही, असे समजावे.

धरणांच्या जलाशयांवर पहाटे आणि सकाळी असे पाणी वारंवार मिळते. वारा हलका असला तरी डोंगराच्या आडोशाचा भाग निश्चल राहतो. म्हणून उतरण्यापूर्वी पूर्ण पट्टा वरून पाहून घ्यावा.

लाटा, वारा आणि उसळ्या

खवळलेल्या पाण्यावर धोका वेगळा असतो. एका लाटेच्या माथ्यावर टेकलेले विमान पुन्हा हवेत फेकले जाते आणि वेग कमी झालेल्या स्थितीत पुढच्या लाटेवर आदळते. उत्पादकाने दिलेली लाटांच्या उंचीची मर्यादा पाळावी. लाटांची उंची काठावरून नव्हे, तर पाण्याजवळून उडत तपासावी. दूरच्या वादळातून येणाऱ्या लांब लाटांना आडवे छेदून उतरू नये. शक्यतो त्यांच्या माथ्याला समांतर उतरावे.

गुळगुळीत पाण्यावरही विमान पुढे-मागे झुलू शकते. नाक वर, नाक खाली अशा उसळ्या प्रत्येक वेळी मोठ्या होत जातात. पाण्यावरून वेगाने सरकणाऱ्या फ्लोटचा कोन जरासा चुकला की त्या सुरू होतात. नियंत्रण-दांडा पुढे ढकलून त्या दाबण्याचा प्रयत्न घातक ठरतो, कारण नाक पाण्यात रुतते. कोन योग्य जागी आणून स्थिर धरावा. तरीही उसळ्या थांबत नसतील तर इंजिनाची शक्ती कमी करून, दांडा मागे घेऊन विमान पाण्यात बसू द्यावे. फार वेगाने टेकलेले विमान मात्र चपटा दगड पाण्यावर टप्पे घेत जावा तसे उड्या मारते. त्यावरचा खरा उपाय आधीच, योग्य वेगाने येण्यात आहे.

आडव्या वाऱ्यात विमान तिरके सरकत टेकले तर एका फ्लोटची कड पाण्यात रुतते आणि पंख पाण्याला लागतो. टेकण्यापूर्वी सरकणे थांबले पाहिजे. फ्लोटच्या मागची पाण्यातली सुकाणे उतरताना वर उचललेली असावीत. खाली राहिलेली सुकाणे मोडतात किंवा विमानाला वळवतात.

पाण्यालगत खाली उडण्याचा मोह हा वेगळा धोका आहे. ८ मे २०१७ रोजी कॅलिफोर्नियातील बेरियेसा तलावावर खाली उडणारे आयकॉन ए-५ चुकीच्या दरीत शिरले. वळायला जागा उरली नाही आणि विमान बनवणाऱ्या कंपनीतले दोघे जण, त्यांत अनुभवी चाचणी वैमानिक, मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ पाण्यालगत कसरतीची वळणे घेताना त्याच प्रकारचे विमान कोसळले आणि प्रसिद्ध बेसबॉलपटू रॉय हॅलाडे यांचा मृत्यू झाला. यंत्रातला दोष नव्हे, तर कमी उंची आणि माणसाचा निर्णय ही या अपघातांची मुळे होती.

जागेची पारख: जासईची खाडी आणि राज्यातली धरणे

धावपट्टी रोज सारखीच असते, पाणी नसते. पनवेल-उरण पट्ट्यातील जासईचा परिसर याचे चांगले उदाहरण आहे. एकीकडे न्हावा-शेवा बंदर, उत्तरेला गव्हाण-उलवे ओलांडले की पनवेल खाडी, मधे खाजणे आणि कांदळवन. उधाणाच्या भरतीला मुंबई बंदरात पाणी साडेचार मीटरच्या वर चढते. वरून त्या वेळी रुंद, मोकळा जलाशय दिसतो. त्याच जागी ओहोटीला चिखलाचा पट्टा उघडा पडतो. भरतीच्या वेळी निवडलेली जागा सहा तासांनी तिथे नसते. म्हणून उतरण्याची वेळ भरतीच्या तक्त्यावरून ठरवावी आणि परतीच्या उड्डाणाचीही वेळ त्याच तक्त्यात पाहावी.

पाण्यात रोवलेले खुंटे, डोल जाळी, त्यांचे बोये आणि नांगरलेल्या होड्या हवेतून दिसत नाहीत किंवा फार उशिरा दिसतात. पाण्याखाली किंचित बुडालेला लाकडाचा ओंडका फ्लोट फाडू शकतो. बंदरात ये-जा करणाऱ्या जहाजामागे उठणारी लाट जहाज निघून गेल्यावरही बराच वेळ फिरत असते. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि त्याच वेळी ओहोटी लागलेली असेल, तर वारा आणि प्रवाह समोरासमोर येऊन आखूड, उभ्या लाटा उठतात. कोळी मंडळींना हे वेळापत्रक तोंडपाठ असते. नव्या जागेची पाहणी करताना त्यांना विचारणे हा कागदोपत्री उपचार नव्हे, तो सुरक्षेचा भाग आहे.

याच परिसरात अटल सेतू चिर्ले येथे जमिनीला टेकतो, वीजवाहिन्यांचे मनोरे आहेत, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाची हवाई हद्द आहे. उरणच्या पाणथळ जागा आणि ठाणे खाडीत हिवाळ्यापासून रोहित पक्ष्यांचे थवे असतात. त्यांतला एक पक्षीही छोट्या विमानाच्या काचेवर आदळला तर पुरे. हवाई नियंत्रणाच्या परवानगीशिवाय आणि ठरलेल्या जलपट्ट्याशिवाय इथे उतरण्याचा विचारही करू नये.

धरणांचे धोके निराळे. पावसाळ्यानंतर भरलेला जलाशय मे महिन्यापर्यंत खूप खाली जातो. पवना धरणातले वाघेश्वर मंदिर आणि उजनीतले पळसनाथाचे मंदिर पाणी उतरले की बाहेर येते. पर्यटकांना ते आकर्षण वाटते. वैमानिकाने त्यातून एवढेच समजून घ्यावे की पाण्याखाली जुनी घरे, बांध आणि झाडांचे बुंधे आहेत आणि ते कोणत्या महिन्यात किती खोल असतील हे पाण्याच्या पातळीवर ठरते. डोंगरकड्यांवरून खाली दाबणारा वारा, समोर बंद होत जाणारी दरी आणि जलाशयावरून आडव्या गेलेल्या विजेच्या तारा यांचीही आधी पाहणी हवी. पावसाळी, धूसर हवेत आणि अंधारात छोट्या विमानाने पाण्यावर उतरू नये.

उड्डाणापूर्वीची तपासणी

फ्लोट आतून वेगवेगळ्या बंद कप्प्यांत विभागलेले असतात, म्हणजे एक कप्पा फुटला तरी बाकीचे विमान तरंगत ठेवतात. दोन्ही फ्लोट मिळून विमानाच्या कमाल वजनाच्या १८० टक्के भार पेलतील अशी रचना असते. ही राखीव ताकद पाणी झिरपले की कमी होते. म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी प्रत्येक कप्प्यातले पाणी हातपंपाने काढावे. एकाच कप्प्यात रोज पाणी येत असेल तर गळती शोधल्याशिवाय उडू नये. साठलेले पाणी विमानाचे वजन वाढवते आणि तोलही बिघडवते.

खाऱ्या पाण्यातून आलेले विमान त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावे. चाकांच्या यंत्रणेत गंज शिरला तर चाक अर्धवट अडकते. सामान आणि प्रवासी यांचे वजन अंदाजाने नव्हे, तोलून धरावे.

प्रवाशाने काय करावे

१. लाइफ जॅकेट आसनाखाली ठेवू नये, अंगावर घालावे. अपघातानंतर ते शोधायला वेळ मिळत नाही. लहान मुलांसाठी त्यांच्या मापाचे जॅकेट आहे का, हे चढण्यापूर्वी विचारावे.

२. बसल्याबरोबर सर्वांत जवळचे दार आणि त्याखेरीज दुसरी वाट पाहावी. दाराचा खटका कुठल्या बाजूला फिरतो ते विचारून घ्यावे. डोळे मिटून हात खटक्यापर्यंत नेऊन पाहावा, कारण पाण्याखाली तसाच न्यावा लागतो.

३. पट्टा घट्ट बांधावा आणि सोडण्याची कडी कशी उघडते ते दोनदा करून पाहावे.

४. उतरताना मोबाइल, कॅमेरा, पिशवी हातात किंवा पायात नको. गळ्यात अडकवलेल्या वस्तू काढाव्यात.

५. धक्क्यावर चढता-उतरताना फ्लोटवरून पंख्याच्या (प्रॉपेलरच्या) दिशेने जाऊ नये. पंखा थांबल्याशिवाय आणि वैमानिकाने सांगितल्याशिवाय दाराबाहेर पाय टाकू नये.

कॅनडात २९ नोव्हेंबर २००९ रोजी सॅटर्ना बेटाजवळ उडालेले फ्लोट विमान लगेच पाण्यात कोसळले. आठांपैकी दोघे बाहेर पडू शकले. उरलेले सहा जण केबिनमध्ये बुडाले. त्यानंतर तिथल्या तपास मंडळाने आपत्कालीन वेळी झटकन उघडतील अशी दारे-खिडक्या आणि प्रवाशांच्या अंगावर जॅकेट यांची शिफारस केली. २०१९ मध्ये कॅनडाने व्यावसायिक सी-प्लेनमधील प्रवाशांना जॅकेट घालणे आणि वैमानिकांना बुडत्या केबिनमधून सुटण्याचे प्रशिक्षण देणे बंधनकारक करणारे नियम केले.

विमान उलटले तर

उलटलेल्या विमानात प्रवासी पट्ट्यावर डोके खाली लटकत असतो, नाकात पाणी शिरते, अंधार असतो आणि उजवे-डावे कळेनासे होते. सुटण्याचा क्रम ठरलेला असावा.

आदळण्यापूर्वी पुढे वाकून डोके सांभाळावे. एका हाताने आसनाची कड किंवा दाराजवळची पक्की वस्तू धरावी आणि ती सोडू नये. विमान हलायचे थांबेपर्यंत पट्टा सोडू नये. लवकर सोडला तर माणूस केबिनमध्ये तरंगत भलतीकडे जातो. हालचाल थांबल्यावर दार किंवा खिडकी उघडावी, तिची चौकट घट्ट पकडावी, आणि मगच दुसऱ्या हाताने पट्टा सोडावा. चौकटीला धरून स्वतःला बाहेर ओढावे. पाय झाडू नयेत, मागच्याला लागतात. बाहेर आल्यावर कुठल्या दिशेला जायचे हे कळत नसेल तर तोंडातून सुटणारे बुडबुडे वर जातात, त्यांच्या मागे जावे.

जॅकेट केबिनमध्ये कधीही फुगवू नये. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी इथिओपियन एअरलाइन्सचे अपहृत विमान कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरले, तेव्हा आतच जॅकेट फुगवलेले अनेक प्रवासी पाणी भरताच छताला अडकले आणि बाहेर पडू शकले नाहीत. जॅकेटची दोरी बाहेर पडल्यावरच ओढावी.

हे वाचून समजते, पण पाण्यात करून पाहिल्याशिवाय अंगात भिनत नाही. जुहूहून मुंबई हायकडे हेलिकॉप्टरने जाणाऱ्या तेल कर्मचाऱ्यांना पाण्यात उलट्या होणाऱ्या नकली केबिनमधून सुटण्याचे प्रशिक्षण दिले जाते. ओएनजीसीच्या गोव्यातील संस्थेत तशी सोय आहे. २८ जून २०२२ रोजी सागर किरण रिगजवळ एका हेलिकॉप्टरला समुद्रात उतरावे लागले आणि नऊ जणांपैकी चौघांचा मृत्यू झाला. समुद्रावरून उडणाऱ्या कोणत्याही छोट्या यंत्राला हाच धोका लागू आहे. सी-प्लेनच्या वैमानिकांनी हे प्रशिक्षण घेतलेच पाहिजे.

होडीवाल्यांसाठी

खाडीत किंवा जलाशयात अपघात झाला तर पहिली मदत जवळच्या होडीचीच असते. पहिला फोन ११२ वर करावा. समुद्रात किंवा खाडीत तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक उपयोगी पडतात.

उलटलेल्या फ्लोट विमानाचे फ्लोट वर तरंगताना दिसतात आणि केबिन त्यांच्या खाली पाण्यात असते. वर कोणी दिसत नाही म्हणून सर्वजण बाहेर आले असे समजू नये. जो वाचला असेल त्याला आधी विचारावे, विमानात किती माणसे होती. होडी मागून किंवा बाजूने आणावी, पंख्यासमोरून नाही. पंखा थांबलेला असला तरी त्याला हात लावू नये. पाण्यावर इंधन पसरलेले असते. विडी, सिगारेट, स्टोव्ह विझवावेत. विमान ओढून नेण्याचा प्रयत्न माणसे बाहेर काढण्यापूर्वी करू नये, कारण त्याने ते बुडू शकते.

बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास थांबला असेल तर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. तोंडाने श्वास द्यावा आणि छाती दाबत राहावे, वैद्यकीय मदत येईपर्यंत. सर्वांना बाहेर काढल्यानंतर विमानाचे भाग हलवू नयेत. विमान अपघात तपास विभागाला ते जसेच्या तसे लागतात.

जिथे सी-प्लेन उतरवण्याचा प्रस्ताव येईल, तिथल्या ग्रामपंचायतीने आणि मच्छीमार संस्थांनी पाच गोष्टी आधी लेखी मागाव्यात: जलपट्ट्याची आखणी, भरतीनुसार वापराच्या वेळा, जाळी आणि होड्यांसाठी इशाऱ्याची पद्धत, उड्डाणाच्या वेळी तैनात राहणारी बचाव होडी, आणि वैमानिकांच्या सुटकेच्या प्रशिक्षणाचा पुरावा. यांपैकी एक जरी नसेल तर त्या पाण्यावर प्रवासी उतरवू नयेत.